ताई, जरा विंचरून घ्या

पासपोर्ट साइज फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत, हे मला मान्य आहे. पण ते कान शोधण्यासाठी फोटोवाल्या काकांनी आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा माझ्यापुढे करावा, हे अजून पचलेलं नाही.

"ताई, जरा विंचरून घ्या."

"विंचरलेलेच आहेत, काका."

काकांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग बाकावर नंबर लावून बसलेल्या आजोबांकडे. साक्षीदार हवा होता बहुधा. आजोबांनी मान हलवली. ठराव एकमताने मंजूर.

वास्तविक माझे केस कुरळे, आणि त्या डोक्यावर माझी आख्खी सकाळ गेली होती. बटा धरून ठेवायला जवसाचं जेल लागतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर बी तळाला जाऊन चिकटतं. आठ-दहा मिनिटांत वर पांढरा फेस येतो आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते. त्या क्षणी गॅस बंद. दोन मिनिटं जास्त झाली की जेलची खळ होते, आणि गार झाल्यावर गाळू म्हणालात तर फडकं पिळता पिळता मनगट जातं, जेल जिथल्या तिथे. म्हणून गरम असतानाच गाळायचं. ही बरणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. नंतर आंबूस वास येतो आणि घरातलं कुणीतरी ती डोसा पिठाशेजारी का ठेवली म्हणून भांडतं.

हे जेल लावायचं ते पाणी निथळत असलेल्या केसांना. खांद्यापर्यंतच्या केसांना तीन-चार चमचे. गुंता त्याआधीच, कंडिशनर केसांत असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवायचा. मग केस मुठीत घेऊन खालून वर दाबायचे. टर्किश टॉवेल नको, त्याचे फासे केसांत अडकतात. जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा बरा. आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. केस पापडासारखे कडक होतात. पूर्ण वाळले की हलक्या हाताने चुरायचे, मग तो कडकपणा जातो आणि बटा राहतात. ओलसर असताना चुरलंत, तर सकाळ वाया.

काकांनी बाटली उचलली. काचा पुसायची, निळी, फवाऱ्याची. "पाणी मारून बसवू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की आजोबांनी पिशवी छातीशी धरली.

आता यांना काय सांगणार? वाळताना केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे आतले नाजूक दुवे, ज्या आकारात जुळतात, तो आकार राहतो. पाणी लागलं की ते सुटतात. फवारा मारला की जेल विरघळतं, वरून बारीक दातांचा कंगवा फिरवला की दहा-दहा केसांनी मिळून धरलेली बट फुटते आणि प्रत्येक केस स्वतंत्र संसार थाटतो. यालाच लोक पिंजारणं म्हणतात. विंचरल्याने जे होतं, त्यावर उपाय म्हणून पुन्हा विंचरा!

"आमच्या सुनेचे असेच आहेत," आजोबांनी तोंड उघडलं. "तिने केळं लावलं होतं."

"मग?"

"चार दिवस केळं निघत होतं."

निघणारच. कुस्करलेलं केळं कुरळ्या केसांत जातं ते परत न येण्यासाठी. मिक्सरमधून काढून वर मलमलच्या फडक्यातून गाळलं तरच लावावं. मेथीचंही तेच: दोन चमचे रात्री भिजवा, वाटा, पण गाळा, नाहीतर वाळलेला चोथा खांद्यावर पडतो आणि कोंडा झाला म्हणून आणखी दहा सल्ले येतात. अंडं लावून गरम पाण्याने धुणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांनी डोक्यावर भुर्जी केलेली असते.

"लिंबू आणि खायचा सोडा," काकांनी कॅमेऱ्यामागून भर घातली. "एकदम मऊ."

सोडा अल्कधर्मी. त्याने केसावरचे खवले उघडतात, केस खरखरीत होतो. लिंबाचा रस नेमका उलट टोकाचा, थेट आम्ल. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, त्यामुळे काहीतरी घडतंय असं वाटतं. पण नैसर्गिक म्हटलं की सगळं चालतं! कोरफडसुद्धा तोडल्या तोडल्या चोपडायची नसते. पात कापून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवावी, पिवळा चीक गळू द्यावा. नाहीतर डोकं खाजवत बसा. खोबरेल त्या मानाने सज्जन. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेलं आहे. पण न्हाण्याआधी, हलक्या हाताने. चप्प बसवायला नव्हे.

चप्प. मुद्दा तोच आहे. कुरळ्या केसात टाळूचं तेल वळणं वळणं घेत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो कोरडा. कोरडा म्हणून पावसाळी हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. यात माझा आळस कुठे आला? पण शाळेपासून ऐकतेय: झिपऱ्या आवर, वेणी घाल, आजारी आहेस का. सरळ केसांच्या बाईला कुणी विचारत नाही की बाई, तुझे असे निपचित का पडलेत?

"राहू द्या," काका उदारपणे म्हणाले. "कंप्युटरवर कापतो."

आणि कापले. माऊस फिरवून फिरवून, जीभ बाहेर काढून, उजव्या बाजूच्या माझ्या बटा त्यांनी निळ्या पडद्यात मिसळून टाकल्या. तेवढ्यात आजोबांचा नंबर आला. डावी बाजू राहिली ती राहिलीच. आठ प्रतींमध्ये मी उजवीकडून बँकेची मॅनेजर आणि डावीकडून मी.

पैसे मात्र दोन्ही बाजूंचे घेतले.