त्या पानाच्या बाजूचं पान

फोंड्यात राहून श्रीलंका फ्रॉगमाउथ पाहिला नाही म्हणजे पणजीत राहून मांडवी पाहिली नाही, असं माझे मेहुणे म्हणतात. (मांडवी त्यांनी बसच्या खिडकीतूनच पाहिली आहे, पण ते असो.) बेडकासारखं रुंद तोंड, जेमतेम 23 सेंटिमीटर लांबी, रात्रीचा पक्षी. सबंध जगात हा राहतो फक्त पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत. म्हणजे आमचा शेजारीच. तरी तीन वर्षं तो मला चुकवत होता.

तोटा होता तो सल्ल्यांचा नव्हे. एकाने सांगितलं, "बोंडल्याला जा, बांबूत हमखास." गेलो, तर फाटकाला कुलूप. गुरुवारी बोंडला अभयारण्य बंद. सल्ला देणाऱ्याला फांदी पाठ होती, वार नव्हता.

दुसऱ्याने तांबडी सुर्ल्याला धाडलं. "महादेवाच्या देवळाच्या अलीकडे ओहोळ लागेल, मग किंदळाचं मोडलेलं झाड, तिथून तिसरं बांबूचं बेट." मोडलेले किंदळ मी सात मोजले. बांबूची बेटं मोजायचं मनात आणलं आणि सोडून दिलं. परतताना लिंबू-सोडा पिता पिता दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काल आशिल्लें." गोव्यात दुर्मिळ पक्षी नेहमी कालच असतो.

शेवटी एका गटाबरोबर वाटाड्या घेऊन गेलो. विशीतला पोरगा, नजर घारीची.

"तो बघा, काका."

"कुठे?"

"त्या सुक्या पानाच्या बाजूला."

"तेही पानच आहे."

"तो नर. आणि त्याला टेकलेलं तांबूस पान, ती मादी."

दिवसा ही जोडी खांद्याला खांदा लावून, डोळे मिटून ढिम्म बसते. सगळे "आहाहा" म्हणू लागले. मी दुर्बिणीतून पाहिलं: पान, पान, कोळ्याचं जाळं, पान. बैठकीत सम कुठे आली हे न कळताही आपण मान डोलावतोच ना? तशी डोलावली. "आहाहा!" माझं जरा जास्तच मोठ्याने निघालं.

आणि तिथून मी जाणकार झालो. लोकांचे फोन येऊ लागले. मी गंभीर आवाजात सांगायचो, "देवळाच्या अलीकडे ओहोळ, मग मोडलेला किंदळ..." वर पुस्तकातलं ज्ञान मोफत: मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, फ्लॅश मारू नका, घरट्यात अंडं एकच असतं आणि दिवसा ते नर उबवतो, त्याला उठवू नका. एवढं तरी खरं होतं. माझ्या सांगण्यावरून गेलेल्या तिघांना पक्षी दिसला! त्यांनी पेढे आणले. मी खाल्ले.

परवा त्या गटातल्या पुण्याच्या गृहस्थांनी तेव्हाचा फोटो पाठवला. काय सुरेख जोडी! पिसान् पीस मोजून घ्यावं. मेहुण्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा केला. जोडीच्या मागे, हातभर अंतरावर, धूसर अशी एक पिवळी टोपी आणि भलत्याच दिशेला रोखलेली दुर्बीण.

"हे मागे काय आहे हो?"

"पान असेल," मी म्हटलं.