फुगलेली बॅटरी टोचू नका: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘उपाया’बद्दल खुलासा

‘लॅपटॉपची बॅटरी फुगली तर सुईने बारीक भोक पाडा, हवा निघून जाते, नाहीतर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा,’ असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर जीवावर बेतू शकतो.

आत साधी हवा नसते. लिथियम-आयन सेलमधला इलेक्ट्रोलाइट (आतलं रासायनिक द्रावण) विघटित होऊन तयार झालेला, पेट घेणारा वायू असतो. सुई आत गेली की दोन इलेक्ट्रोडमधला (धन आणि ऋण थरांमधला) पातळ पडदा फाटतो, शॉर्ट होतो आणि काही सेकंदांत सेल पेटू शकतो. धूरही विषारी असतो. फ्रीजमुळे वायू परत विरत नाही, उलट बाष्प धरतं.

ओळखायचं कसं? टचपॅड वर उचललेला किंवा क्लिक न होणारा, सपाट टेबलावर डुगडुगणारा लॅपटॉप, झाकणाला पडलेली फट. मात्र चार्ज लवकर उतरणं हे नुसतं म्हातारपण. त्याला घाबरू नका.

फुगवटा दिसला की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. गादी-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवा. स्क्रू काढता येत असले तरी चिकटवलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, ते काम सर्व्हिस सेंटरचं. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कुरियरनेही पाठवू नका. टर्मिनलवर, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोकांवर, चिकटपट्टी लावून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर खोलीबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.