लोकअदालतीचा निवाडा कच्चा नसतो

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की एक मेसेज ग्रुपवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: तिथे तडजोड लादतात, निवाडा कच्चा असतो, भरलेली कोर्ट फी बुडते आणि नाहीच पटलं तर अपील आहेच. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवटची तर घात करणारी आहे.

आधी जबरदस्तीचं. लोकअदालतीच्या पॅनलला निकाल देण्याचा अधिकारच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 20 प्रमाणे तडजोड झाली नाही तर प्रकरण मूळ कोर्टात परत जातं आणि थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं. पॅनलने कितीही समजावलं तरी सही करायची की नाही हे पक्षकाराच्या हातात आहे. गोंधळ होतो तो कायमस्वरूपी लोकअदालतीमुळे. वीज, पाणी, टपाल, विमा, दवाखाना अशा सेवांचे वाद तिच्यापुढे चालतात. तिथे मात्र समेट न झाल्यास एक कोटीपर्यंतच्या वादात निकाल देता येतो. त्यामुळे नोटीस कोणाची आहे ते आधी नीट वाचा.

निवाडा कच्चा? कलम 21 नुसार तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच मानला जातो. समोरच्याने पाळला नाही तर सरळ दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. त्यासाठी मुदत 12 वर्षांची. चेक न वटल्याच्या फौजदारी केसमध्ये झालेला निवाडाही असाच वसूल होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि कोर्ट फी बुडत नाही, कोर्टाच्या दाखल्यावर परत मिळते.

आता अपील. ते नाहीच. उरतो तो उच्च न्यायालयात रिट अर्ज, तोही फसवणुकीसारख्या मोजक्या कारणांवर. ‘आत्ता सही करू, पुढे बघू’ म्हणणारे इथेच अडकतात. म्हणून सगळा जीव तडजोडीच्या पुरसिशीत, म्हणजे अटी लिहून कोर्टात द्यायच्या कागदात, आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

वाटपाचा दावा घ्या. पुरसिशीत ‘उभयतांनी समजुतीने वाटून घ्यावे’ एवढंच लिहिलं, तर बेलिफ ताबा कशाचा देणार? प्रत्येकाच्या हिश्श्याचा गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा आणि सोबत नकाशा हवा. सगळे सहहिस्सेदार हवेत. ज्या बहिणीला पक्षकार केलंच नाही, तिच्यावर तो निवाडा बंधनकारक नसतो. कोणी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर तडजोडीला कोर्टाची लेखी परवानगी लागते, नाहीतर पुढे त्याला ती रद्द करून मागता येते. दाव्यात नसलेला एखादा प्लॉट तडजोडीत घातला, तर त्यापुरती नोंदणी लागते. आणि सातबारा आपोआप बदलत नाही: सारा-आकारणीच्या (सरकारी शेतसारा लागणाऱ्या) शेतजमिनीचं सरस-निरस, म्हणजे जमिनीची प्रत पाहून केलेलं, वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे महसूल खात्याकडून करून घ्यावं लागतं, मग फेरफार.

पैशांच्या तडजोडीत रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि बँक खातं लिहाच. त्याखाली हे वाक्य हवं: ‘एक हप्ता चुकल्यास संपूर्ण बाकी व्याजासह एकदम देय होईल.’ व्याजाचा दरही लिहा. हे नसेल तर चुकलेल्या हप्त्यापुरतीच वसुली मागता येते आणि बाकीच्यासाठी पुढच्या तारखांची वाट पाहत बसावं लागतं.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा काही गटांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा 3 लाख रुपये आहे. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. फक्त हे लोकअदालतीच्या आधी करा. त्या दिवशी एकेका पॅनलपुढे प्रकरणांची रांग असते, आणि पुरसिस कोर्टाच्या व्हरांड्यात घाईघाईत लिहिली जाते.