त्या चेटकिणी नव्हत्या

आज एका व्हिडिओत एक गृहस्थ ठासून सांगत होते की ग्रीक पुराणातल्या एरिनीज म्हणजे केसांत साप माळून फिरणाऱ्या, सुडाने वेड्या झालेल्या चेटकिणी. खाली हसऱ्या इमोजींची रांग. डोकं सणकलं म्हणून लिहितेय.

अरे, त्या सूड घेणाऱ्या प्राचीन देवता; कुणाच्या मागे लागायच्या ते तरी बघा! आईबापाच्या जिवावर उठणाऱ्याच्या, खोटी शपथ घेणाऱ्याच्या. जुना ग्रीक कवी हेसिअड सांगतो, क्रोनसने, म्हणजे झ्यूसच्या बापाने, स्वतःच्या बापावर विळा चालवला, तेव्हा जमिनीवर सांडलेल्या रक्तातून त्या जन्मल्या. म्हणजे देवांचा राजा झ्यूस, त्याच्याही आधीच्या.

मला दरवेळी आत्या आठवते. आजोबा गेल्यावर बैठकीत तिने एवढंच विचारलं, "माझ्या वाट्याचं काय?" सगळे असे बघायला लागले जणू तिनेच घर फोडलं.

ग्रीक नाटककार इस्किलसचं 'युमेनिडीज' हे नाटक, इ.स.पू. 458 मधलं. त्याआधीची गोष्ट अशी: राजा ॲगामेम्नॉनने युद्धाला निघालेल्या जहाजांना वारा मिळावा म्हणून पोटच्या पोरीचा बळी दिला. त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्राने त्याला मारलं, आणि त्यांचा मुलगा ओरेस्टिसने तिला, स्वतःच्या आईला. नाटकात डेल्फीला, अपोलो देवाच्या देवळात, ओरेस्टिसच्या मागावरच्या एरिनीज दमून झोपल्यात आणि त्या मेलेल्या आईचं भूत येऊन ओरडतं, झोपता काय, उठा! वाचताना अजूनही काटा येतो. हाक मारायला तिला दुसरं होतंच कोण?

मग अथेन्समध्ये ओरेस्टिसवर खटला, आरोप करणाऱ्या एरिनीज. त्याच्या बाजूने अपोलो म्हणतो, आई जन्मदाती नाहीच, ती नुसतं बीज सांभाळते. शहराची देवी अथीना म्हणते, मला आईच नाही, माझं मत पुरुषाच्या बाजूने. मतं समसमान, पोरगा सुटला!

रक्ताला रक्त कुठेतरी थांबायला हवं होतं, मान्य. पण त्यासाठी आईलाच खोडून टाकायचं?

एरिनीज खवळल्या, जमीन नापीक करू म्हणाल्या. मग अथीनाने समजूत काढली. टेकडीच्या पोटात जागा, पूजा, लाल वस्त्रं, मशालींची मिरवणूक. आत्यालाही हक्कसोडपत्रावर सही झाल्यावर पाटावर बसवून साडी दिली, ओटी भरली. "माहेरचा मान आहे" म्हणाले. ती साडी तिने कधीच नेसली नाही.

तरी अथीनाबद्दल एक बोलायलाच हवं. तिने त्यांना हाकललं नाही. ज्याला कशाचीच भीती नाही तो नीतीने वागेल कशाला, असं तीच म्हणते. आणि नकळत बापाला मारलेला राजा इडिपस, आंधळा, थकलेला, शेवटी विसावला तो अथेन्सजवळच्या कोलोनसला, एरिनीजच्याच राईत. आमच्या बैठकीत अथीनाएवढीही समज कुणी दाखवली नाही. आत्याचं नाव निघालं की आजही "तापट होती" म्हणून मोकळे होतात.

व्हिडिओ शेअर करणाऱ्यांनो, त्या नाटकातला निदान भुताचा प्रसंग तरी वाचा. मग बोलू.