लिनक्सवर नेट गेलं की फॉरमॅटच? आधी बिघाड कुठे आहे ते तर बघा

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून खान्देशातल्या शिक्षकांच्या आणि सेतू केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकू नका. त्याला वायफाय सापडत नाही. नेट गेलं तर कशामुळे गेलं ते कळत नाही, फॉरमॅट मारावा लागतो. मशीन हँग होतं, आपोआप बंद पडतं. प्रिंटर चालत नाही. आणि आपल्याकडे ते दुरुस्त करणारा कोणी नाही. तेव्हा जुनं भंगारात द्या, नवीन घ्या.

मी जळगाव-धुळे पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि मला हा मजकूर घातक वाटतो. नवीन मशीन घेणं ज्यांना परवडतं त्यांचं काही बिघडत नाही. फटका बसतो तो खेड्यातल्या शाळेला, गावच्या वाचनालयाला, एका मशीनवर पोट असणाऱ्या केंद्रवाल्याला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वायफायचं. यात तथ्य होतं, पण ते जुनं झालं. वायफाय कार्डाला दोन गोष्टी लागतात: कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आणि कार्डात भरायची फर्मवेअरची फाइल. बहुतेक ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात. फर्मवेअर मात्र कंपनीच्या मालकीचं असतं, म्हणून डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने ते कित्येक वर्षं आपल्या मूळ इन्स्टॉलरमध्ये ठेवलं नव्हतं. टाकतानाच वायफाय दिसायचं नाही आणि लोक हात टेकायचे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही जुन्या कार्डांना अजूनही वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, हे खरं आहे.

पण कार्ड कोणतं ते अंदाजाने ठरवू नका. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘डॅश के’ जोडून द्या. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आली तर ड्रायव्हर लागलेला आहे. मग ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअर लोड झालं नाही अशी तक्रार दिसते का बघा. तीही नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ द्या, वायफाय अडवून ठेवलंय का ते कळतं. तिथे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढे ‘यस’ असेल तर ते आज्ञेने उघडतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘यस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं छोटं बटण किंवा कीबोर्डवरची विमानाची खूण दाबली गेलेली असते. ते बटण सरकवायचं सोडून लोक अख्खी सिस्टिम नव्याने टाकतात. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग काही मशीनवर लिनक्सला कार्ड नीट सापडत नाही. तोवर काम अडू नये म्हणून अँड्रॉइड फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठी लिनक्सला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता दुसरा दावा: नेट का गेलं ते कळत नाही. हा सगळ्यात चुकीचा आहे. ज्या ‘पिंग’ने (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या आज्ञेने) आज जगभर नेट तपासतात, तो माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत, लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सवरच लिहिला, आणि तोही नेटवर्कचा एक बिघाड शोधताना. बिघाड पायरीपायरीने शोधणं या घराण्यात पहिल्यापासून आहे. केळीच्या शेवटच्या झाडाला ठिबकचं पाणी पोचलं नाही तर कोणी अख्खी पाइपलाइन उखडत नाही. मोटर, फिल्टर, व्हॉल्व्ह, मग नळी असं बघत जातो. इथेही तसंच.

‘आयपी लिंक’ दिल्यावर ‘नो कॅरिअर’ दिसलं तर वायर, पोर्ट किंवा पलीकडचा स्विच बघायचा. सॉफ्टवेअरला हात लावायचं कारण नाही. लिंक आहे, पण ‘आयपी ॲड्रेस’मध्ये पत्ताच नाही, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता आहे, तर राउटरला पिंग करा. राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ (नेटवरचा गूगलचा सर्व्हर) देत नाही, तर बहुतेक वेळा बिघाड राउटरच्या पुढे, कंपनीच्या लाइनमध्ये असतो. ८.८.८.८ उत्तर देतो, पण साइटचं नाव टाकलं की काही उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा, बिघडलंय, ते बदलून बघा. काही नेटवर्कवर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे एकाच पत्त्यावरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन पत्ते बघा. हे सगळं करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. फॉरमॅटला अर्धा दिवस जातो, आणि वायर तुटलेली असेल तर फॉरमॅटनंतरही ती तुटलेलीच असते. शिवाय बिघाडाच्या नोंदी पुसल्या जातात, ते नुकसान वेगळं.

वायरचं एक उदाहरण बारकाईने सांगतो, कारण ते फार वेळा भेटतं. पारोळ्याकडच्या एका केंद्रावर तक्रार होती: लिनक्स टाकल्यापासून नेट स्लो. ‘भाऊ, नेट चाली नही ऱ्हायनं,’ एवढंच फोनवर कळलं. वायरच्या नेटचा वेग दाखवणारं ‘एथटूल’ लावून बघितलं तर वेग १०० मेगाबिट. राउटर आणि कार्ड दोन्ही १००० चे. १०० च्या वेगाला वायरीतल्या आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनवरच्या. १००० ला आठही लागतात. म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांत, निळ्या किंवा तपकिरीत, कुठेतरी खोट. केबल खिडकीतून आत घेतली होती आणि पल्ला बंद करताना रोज त्याच जागी दाबली जात होती. तिथे वरचं कव्हर सोललं तर तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली. ती जागा कापून नवीन आरजे-४५ प्लग क्रिम्प केला आणि ‘एथटूल’ने लगेच १००० दाखवलं. दुखणं वायरीचं होतं आणि नाव लिनक्सचं खराब झालं होतं.

अजून एक भानगड अशी, जी नेटची वाटते पण नेटची नसते. पिंग चालतो, नावंही उघडतात, पण ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. कोपऱ्यातली तारीख बघा. काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२, म्हणजे नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल, संपला. वायरमधून वीज येत असते तोवर त्या सेलवर भार नसतो. आपल्याकडे शाळा सुटली की मेन स्विच खाली, उन्हाळी सुट्टीत तर दीड-दोन महिने खाली, शिवाय लोडशेडिंग. सेल लवकर संपणारच. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध दिसतं. सेल बदला, ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ तपासा, झालं. जूनमध्ये शाळा उघडली की ज्या लॅबला ‘व्हायरस लागला’ म्हणतात, तिथे मी आधी हा सेल बघतो.

हँग होण्याचं आणि आपोआप बंद पडण्याचं खापरही लिनक्सवर फुटतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, सीपीयूच्या पंख्यात धूळ आणि जिनिंगजवळ असाल तर कापसाचा कीस. कुठलंही मशीन तापणार. फरक एवढाच की लिनक्स ते लिहून ठेवतं. ‘सेन्सर्स’ तापमान सांगतं. ‘डीमेसेज’मध्ये ‘सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड’ अशा ओळी दिसल्या तर प्रोसेसर उष्णतेने स्वतःचा वेग कमी करतोय असं समजा. पंखा साफ करा, थर्मल पेस्ट बदला. मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं असेल तर नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ला ‘डॅश बी उणे एक’ द्या. नोंदी डिस्कवर राहत असतील तर मागच्या वेळचं सगळं दिसतं. बंद होण्याची कुठलीही नोंद न होता मजकूर अर्ध्यात तुटला असेल, तर वीज गेली असेल किंवा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, गेला असेल.

हार्ड डिस्कबाबत तर माझी कळकळीची विनंती आहे. डिस्कची तब्येत सांगणारं ‘स्मार्टसीटीएल’ चालवल्याशिवाय डिस्क फेकू नका आणि फॉरमॅटही करू नका. तिथल्या तक्त्यात ५ आणि १९७ नंबरच्या ओळी बघा. शेवटच्या रकान्यातला आकडा वाढत चालला असेल तर डिस्क खरंच जातेय, आधी डेटा दुसरीकडे काढा. पण ५ आणि १९७ शून्यावर आणि १९९ नंबरचा, म्हणजे सीआरसी एररचा आकडा वाढतोय, तर बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. ही केबल शंभर-दीडशे रुपयांत येते. असल्या डिस्कवर फॉरमॅट मारला की गावातल्या लोकांचे वर्षानुवर्षांचे कागद जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

प्रिंटरचा मुद्दा मात्र मी पूर्ण खोडणार नाही. एचपीचे बरेच प्रिंटर सरळ चालतात, पण आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर खरोखर त्रास देतो, कारण त्याची भाषा कंपनीची स्वतःची आहे. आधारसाठीच्या अंगठ्याच्या यंत्रांचंही तसंच: बनवणाऱ्याने लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिलंय का, ते आधी विचारा. नसेल तर त्या कामाचं मशीन वेगळं ठेवा. त्यासाठी लॅबमधली बाकीची मशीन भंगारात काढायची गरज नाही.

शेवटचा दावा, दुरुस्त करणारा नाही. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो, घरातला राउटरही बहुतेक वेळा त्यावरच. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतायत. जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे शिकणारी पोरं आहेत, आणि ती आनंदाने येतात. अडचण एवढीच होते की त्यांना फोनवर ‘चालत नाही’ यापलीकडे काही सांगितलं जात नाही. तेव्हा विचारण्याआधी एका फाइलमध्ये एवढं भरा: ‘एलएसपीसीआय डॅश के’, ‘आयपी ॲड्रेस’, ‘डीमेसेज’ आणि ‘स्मार्टसीटीएल’ यांनी दाखवलेलं सगळं, आणि बिघाड कधीपासून आहे ते. ती फाइल पाठवली तर समोरच्याला नंदुरबारहूनही पुष्कळ काही सांगता येतं.

आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी पेन ड्राइव्हवर मिंट किंवा उबंटू (लिनक्सचे दोन प्रकार) घेऊन मशीन त्यावरून चालू करा, ‘इन्स्टॉल’ न दाबता. वायफाय, वायरचं नेट, आवाज, प्रिंटर तिथेच तपासून होतं. तिथे नेट चाललं तर कार्ड आणि वायर चांगली आहे, दोष डिस्कवरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही चाललं नाही तर वर सांगितलेल्या पायऱ्या तिथूनच सुरू करा. डिस्कवरच्या फाइलींना तोवर हात लागलेला नसतो.