प्रतिक्रियेला उत्तर: ‘जात आम्हाला पुस्तकातून शिकवू नका’

नमस्कार सर,

(निवृत्त शिक्षक असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सर म्हणतो.) ‘समाजशास्त्राची तोंडओळख’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्यांना ठाऊक असलेलं जड शब्दांत सांगायचं म्हणजे समाजशास्त्र, त्यातून दुर्खीम, वेबर ही सगळी परदेशी मंडळी, आणि खेड्यात जन्मलेल्याला जात काय ते पुस्तकातून शिकवू नये.

जड शब्दांवर वाद घालत नाही. सोपं लिहायचंच नाही अशी शपथ घेतलेले लोक या विषयात पुष्कळ आहेत. पण जातीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण तुमचं म्हणणं मला नेमकं तिथेच पटत नाही.

जात कुठून आली, हे पारावर विचारून बघा. मनूने केली, नाहीतर ब्राह्मणांनी लादली, नाहीतर धंद्यावरून पडली. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला आणि त्यात ही उत्तरं बाजूला सारली. मनूविषयी त्यांना प्रेम होतं अशातला भाग नाही. पण जात मनूच्या आधीपासून होती, आणि एवढ्या मोठ्या समाजावर ती लादणं ना एका माणसाच्या आवाक्यातलं होतं ना ब्राह्मणांच्या, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

मग जात म्हणजे काय? त्यांच्यापुढे सेनार, नेसफील्ड, रिस्ली या युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या होत्या आणि आपल्या ज्ञानकोशकार केतकरांचीही होती. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली होती: जातीबाहेर लग्न नाही आणि सभासदत्व जन्माने. आंबेडकर म्हणाले, ही दोन नाहीतच. बाहेरचं लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. म्हणजे उरलं एकच, जातीतच लग्न.

आता पुढचं जरा सावकाश वाचा. लग्नं गटातच करायची तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जोडीला जोड असायला हवेत. नवरा आधी मेला की एक बाई ‘जास्तीची’ होते. तिने गटाबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं. गटातल्याच दुसऱ्याशी केलं तर एका कुमारिकेचा नवरा गेला. म्हणून तिला चितेवर चढवा किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेला पुरुषही जास्तीचाच, पण सत्ता त्याच्या हातात, त्याला कोण जाळणार? त्याने संन्यास घ्यावा, आणि तो जमत नसेल तर अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी त्याला द्यावी. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या आपण वेगवेगळ्या समजत आलेल्या तीन रूढी एकाच हिशेबातून निघतात. सर, खेड्यात जन्मून हा हिशेब आपल्यापैकी किती जणांना दिसला होता? मला तरी नाही.

राहिला परदेशीपणाचा मुद्दा. एका गटाने दार लावून घेतल्यावर बाकीचे का बंद झाले, याचं उत्तर देताना आंबेडकरांनी गाब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला. टार्डच्या मते अनुकरण वरून खाली झिरपतं आणि अंतर वाढेल तसं पातळ होतं. आंबेडकरांनी ते इथे पडताळलं: ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, जरा लांबच्यांनी सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह, त्याहून लांबच्यांनी फक्त बालविवाह, आणि सगळ्यात लांबच्यांनी नुसती जातीवरची श्रद्धा. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचे विद्यार्थी श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ‘संस्कृतीकरण’ मांडलं, म्हणजे खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून वर सरकू पाहतात; ते याच्या किती जवळ जातं ते तुम्हीच बघा.

हा निबंध शेवटचा शब्द आहे असं मी म्हणत नाही. अस्पृश्यतेची चर्चा त्यात जवळजवळ नाहीच, आणि ती केवळ अनुकरणाने उलगडणारही नाही. शिवाय १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त आंबेडकरांनी शास्त्रांच्या पावित्र्यावर जो घाव घातला, त्याचं वजन इथे दिसत नाही. मात्र मिश्रविवाहावरचा त्यांचा भर तिथेही कायम आहे.

आणि जुन्या गोष्टी कशाला, असं म्हणाल तर वधुवरांच्या जाहिराती काढा. ‘आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व.’ मुलगा इंजिनिअर, पुण्यात फ्लॅट, पत्रिकेचा आग्रह नाही, आणि शेवटी हे क्षमस्व. लिहिणाऱ्याला आपण पुरोगामी माणूस आहोत असं वाटत असणार. तो खोटंही बोलत नाही: कुंपण त्याने खरोखरच मागे सरकवलंय, पण मोडलेलं नाही. हे त्याला स्वतःला विचारून कळणार नाही, अशा शंभर जाहिराती शेजारी ठेवल्या की कळतं. माझ्या लेखात दुर्खीमचं ‘सामाजिक तथ्य’, म्हणजे एकेकट्या माणसाच्या बाहेर असणारं आणि त्याला वळण लावणारं समाजाचं दडपण, आलं होतं ते याचसाठी.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे, आणि फार मोठा नाही. वाचून झाला की पुन्हा लिहा. टार्डवर टीका करणार असाल तर मी बहुधा तुमच्याच बाजूने असेन.