रनफ्लॅट काढले, आता तरी गप्प बसा!

"अहो, रनफ्लॅट काढू नका, सेफ्टी जाते!" गाडीचे मूळचे रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर बदलायला चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी हेच. कसली सेफ्टी? मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आदळलं आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. रनफ्लॅटच्या कडेची भिंत जाड नि कडक असते, म्हणून हवा गेली तरी ताशी 80 च्या वेगाने साधारण 80 किलोमीटर जाता येतं, मान्य. पण रविवारी संध्याकाळी त्या 80 किलोमीटरमध्ये नेमक्या मापाचा रनफ्लॅट मला देणार कोण? पंक्चरवाल्याने तर हातच लावला नाही.

आणि त्या कडक टायरचे रोजचे हादरे? प्रत्येक गतिरोधकावर मागे बसलेली आई कळवळायची. कंबरेला पट्टा, मांडीखाली उशी, तरीही!

साधे टायर घालावेत, तर डिकीत स्टेपनीला जागाच नाही. गाडी विकताना हे एकाने तरी सांगितलं होतं का? वर वॉरंटीचा धाक आहेच. हवा गेली की आता थांबावं लागणार, ठाऊक आहे मला! म्हणूनच पंप, पंक्चर किट, जॅक, बारीक स्टेपनी, सगळं कोंबलंय डिकीत. सामानाच्या बॅगा मागच्या सीटवर आईच्या शेजारी.

परवा आई महाडपर्यंत एकदाही न कण्हता आली. आणि काल सर्व्हिसिंगचा पोरगा मान हलवत विचारतो, "सर, ओरिजिनल का काढले?"

अरे बाबा, एकदा त्या टायरवर माणगावपर्यंत जाऊन ये, मग विचार!